तिला सगळे ऐकू येत होते

पावसाळ्यात पहाटे पोटदुखीसाठी आणलेल्या मुलाचे पोट तपासण्याआधी त्याच्या पापण्या पाहाव्यात, हे आमच्या भागातल्या परिचारिकेला वेगळे शिकवावे लागत नाही. मण्यार हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की झोपलेल्याला पुष्कळदा जागही येत नाही. सूज येत नाही, रक्त येत नाही आणि अनेकदा दंशाची खूणही सापडत नाही. काही तासांनी पोटात कळा येऊ लागतात, उलट्या होतात, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. घोणस किंवा फुरसे चावल्यावर निदान घरच्यांना काहीतरी घडल्याचे कळते. मण्याराच्या बाबतीत साप चावला आहे हेच आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, आणि बहुतेक मृत्यू त्या न सुचलेल्या तासांत होतात.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तालुक्यात मी अतिदक्षता विभागात काम करते. असे बरेच रुग्ण माझ्या हाताखालून गेले आहेत. तरी एका आषाढातली दोन भावंडे आणि त्यांचे आजोबा माझ्या मनातून जात नाहीत. आजोबांना सगळी वस्ती आबा म्हणत असे, म्हणून मीही तसेच लिहिते.

आबा माळकरी होते. आषाढीची वारी पायी करून त्यांना परतून आठवडाही झाला नव्हता. वारीतल्या गोष्टी ऐकण्यासाठी अकरा वर्षांच्या नातीने आबांजवळ ओसरीवर झोपण्याचा हट्ट धरला आणि तिच्या मागे तिचा सहा वर्षांचा भाऊही आला. आबा बाजेवर झोपले आणि मुले खाली वाकळेवर. पहाटे तीनच्या सुमारास मुलीच्या पोटात दुखू लागले. वडिलांनी तिला मोटारसायकलवर बसवून जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे पोटदुखीचे इंजेक्शन आणि गोळ्या देऊन तिला घरी पाठवण्यात आले. पावसाळा, पहाट आणि जमिनीवर झोपलेले मूल एवढे समोर असताना तिच्या पापण्यांकडे पाहायला अर्धे मिनिट पुरले असते, आणि त्या अर्ध्या मिनिटाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. घरी पोहोचेपर्यंत मुलीचे बोलणे जड झाले, तेव्हा जीप बोलावली गेली. धाकट्याने कसलीच तक्रार केली नव्हती. त्याला उठवायला गेले तेव्हा त्याचे डोळे उघडत नव्हते, आणि घरच्यांना ती झोप वाटली. घाटाच्या वाटेवर आईच्या मांडीवर त्याचा श्वास थांबला.

आम्ही त्याच्या छातीवर दाब दिला, नळी टाकली आणि औषधे दिली. किती वेळ प्रयत्न करायचे आणि कधी थांबायचे याचे नियम आहेत. त्या नियमांच्या पलीकडेही आम्ही थोडा वेळ गेलो. शेजारच्या खाटेवर त्याची बहीण होती. तिला अजून बोट हलवता येत होते.

सर्पदंशावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते आणि कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते. प्रत्येक कुपीत दहा मिलिलीटर पाणी घालायचे असते. घाईत कुपी जोराने हलवली की तिच्यात फेस होतो, म्हणून ती तळहातांमध्ये धरून हळूहळू फिरवावी लागते, आणि अशा दहा कुपी एकामागून एक तयार करायच्या असतात. समोर मूल गुदमरत असताना हात सावकाश चालवणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे असे मला वाटते. लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावी लागते, कारण साप चावताना वय पाहून विष सोडत नाही. मुलीला औषधाची प्रतिक्रिया आली, अंगावर गांधी उठल्या आणि हुडहुडी भरली. ॲड्रिनॅलिन दिले, थोडे थांबलो आणि सलाईन पुन्हा सुरू केले. तोपर्यंत तिची मान टाकली गेली होती. भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी नळी टाकली आणि व्हेंटिलेटर जोडला जाईपर्यंत आम्ही दोघी परिचारिका आळीपाळीने पिशवी दाबून तिला श्वास देत राहिलो.

मण्याराचे विष मज्जातंतूच्या टोकाशी, जिथून स्नायूला हालचालीचा निरोप मिळतो तिथे, काम करते आणि ते टोकच निकामी करते. रक्तात फिरणारे विष प्रतिविषाने निष्प्रभ होते. पण निकामी झालेली टोके शरीराने पुन्हा घडवावी लागतात आणि त्याला दिवस लागतात. तोपर्यंत यंत्राने श्वास द्यायचा, डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटपट्टीने बंद ठेवायच्या, दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतला कफ काढायचा आणि वीज गेली की जनरेटर चालू होईपर्यंत हाताने पिशवी दाबायची. मण्याराच्या रुग्णाला वाचवते ती बहुतांशी ही शुश्रूषा, आणि मला तिचा अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि प्रकाशाला दाद देत नव्हत्या. खोकल्याची प्रतिक्रिया नव्हती, हातपाय लुळे पडले होते. नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याची शंका बोलून दाखवली. आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की मण्याराच्या रुग्णात ही लक्षणे मेंदूची नसून स्नायूंची असतात, आणि रुग्ण आतून पूर्ण जागा असू शकतो. हे मला माहीत होते. बरे झालेल्या रुग्णांनी आपल्या खाटेशी झालेली बोलणी आम्हाला शब्दशः सांगितलेली आहेत. म्हणून प्रत्येक नातेवाइकाला आत सोडताना मी सांगत असे की मुलीला ऐकू येते, तेव्हा जपून बोला. मान सगळे डोलावत, पण विश्वास फार थोड्यांचा बसे.

मुलीची मावशी खाटेशी उभी राहून म्हणाली, "हिनंच ओसरीवर झोपायचा हट्ट केला आणि सोन्यासारखा भाऊ घालवला." गावाकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हा घराण्यातल्या जुन्या पापाचा भोग असल्याचे सांगितले आणि कुठे काय वाहायचे राहिले होते तेही सांगितले. तिसऱ्याने आबांनाच विचारले की वारी करून हेच फळ मिळणार असेल तर एवढे चालायचे कशाला. आबा एवढेच म्हणाले, "तुकोबांच्या घरातलं माणूस दुष्काळानं नेलं. मग माझंच घर का सोडावं?" मी मावशींना दाराबाहेर नेऊन स्पष्ट शब्दांत समज दिली. त्या दुष्ट नव्हत्या. दुःखाला कारण सापडले की ते सोसवेल असे त्यांना वाटत होते, आणि हाताशी सापडलेले कारण खाटेवर निपचित पडलेली अकरा वर्षांची मुलगी होती.

माझ्या या व्यवसायात मी सर्वांत जास्त ऐकलेला शब्द म्हणजे 'का'. त्याला उत्तर देण्याची घाई ज्यांना होते त्यांच्याबद्दल माझे मत वर्षागणिक कठोर होत गेले आहे. मी स्वतः देव मानणाऱ्या घरात वाढले आहे आणि देव मानते. पण देवाने अमुक कारणासाठी अमुक केले असे जो छातीठोक सांगतो, तो देवाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाकडून घेऊन येतो? विष कसे काम करते हे मी मज्जातंतूच्या टोकापर्यंत सांगू शकते. एकाच वाकळेवर, एकाच रात्री, बहुधा एकाच सापाने चावलेल्या दोन मुलांपैकी एकाने तक्रार केली आणि दुसऱ्याने केली नाही, एकाचा श्वास घाटात थांबला आणि दुसऱ्याचा रुग्णालयाच्या दारापर्यंत टिकला, एवढे सांगून माझे ज्ञान संपते. चांगल्या डॉक्टरांचेही तिथेच संपते, आणि ते तसे कबूल करतात म्हणूनच मी त्यांना चांगले म्हणते.

धाकट्याचे अंत्यसंस्कार करून आबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. त्यांनी मला विचारले, "ताई, पोरीला खरंच ऐकू येतं का?" मी हो म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले नाही. त्या सबंध गोतावळ्यात माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवणारे ते एकटेच होते. हात धुऊन ते खाटेच्या उशाशी गेले, तिच्या कानाशी वाकले आणि हळू पण स्वच्छ आवाजात बोलू लागले. तुझा भाऊ गेला, असे त्यांनी तिला सरळ सांगितले. मला धक्का बसला. मी पुढे झाले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते पुढे म्हणाले, "तू ओसरीवर झोपलीस म्हणून नाही गेला. मी वारीला गेलो म्हणून नाही आणि मी बाजेवर झोपलो म्हणूनही नाही. कशानं गेला ते मला माहीत नाही, बाळा. पांडुरंगाला माहीत आहे. त्याला विचारून झालं, तो सांगत नाही. सांगत नाही म्हणून मी त्याला सोडणार नाही, आणि तुलाही सोडणार नाही. तू आता काही करू नकोस, यंत्र श्वास घेतंय तेवढा घेऊ दे." मग त्यांनी तिचा हात हातात घेऊन अगदी दबक्या आवाजात हरिपाठ म्हटला.

मी त्यांना बाहेर बोलावून खडसावले. हलू न शकणाऱ्या, रडूही न शकणाऱ्या मुलीला अशी बातमी द्यायची असते का, ती बरी होईपर्यंत थांबता आले नसते का, असे मी विचारले. आबा म्हणाले की तिला ती बातमी आधीच कळली असणार, फक्त ती वाईट माणसांच्या नव्हे पण घाबरलेल्या माणसांच्या तोंडून कळली असणार. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही त्या रात्री तिच्या हृदयाचे ठोके बराच वेळ वाढलेले राहिले. ते दुःखाने वाढले की तापाने, हे मला यंत्रावरून सांगता आले नाही आणि आजही सांगता येत नाही. आमच्या तक्त्यात तासातासाची लघवी, नाडी, रक्तदाब आणि प्राणवायूचे प्रमाण लिहायला रकाने आहेत. रुग्णाच्या कानाशी कोण काय बोलले याला रकाना नाही.

त्यानंतर आबा रोज ठरलेल्या वेळी येत आणि तिला घरच्या लहानसहान गोष्टी सांगत: शेळीला पिल्लू झाले, भाताची लावणी उरकली, आईने दोन घास खाल्ले. कधी मध्येच त्यांचा आवाज थांबे आणि ते तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसत. विश्वास असलेल्या माणसाला दुःख कमी होते, ही समजूत त्यांना पाहिल्यावर मी सोडून दिली. एकदा बाहेरच्या बाकावर ते मला म्हणाले की रात्री झोप लागत नाही आणि पांडुरंगाशी भांडण चालू असते. पण भांडायलाही तोच लागतो.

आधी तिच्या पायाचे बोट हलले, मग पापणीची कड, मग भुवई. व्हेंटिलेटरचा आधार थोडा थोडा कमी करत नेला. मान उशीवरून उचलून धरता येऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी नळी काढली. घरच्यांचे ठरले होते की भावाबद्दल तिला इतक्यात काही सांगायचे नाही. तो मामाकडे आहे असे सांगायचे. तिने कोणालाच काही विचारले नाही. घसा बसलेला असताना तिने पहिल्यांदा उच्चारलेला शब्द 'आबा' हा होता.

तिच्या वडिलांना मी नेहमीचे सांगितले: मुलांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा, रात्री बाहेर जाताना बॅटरी वापरा, घराला लागून लाकडे रचू नका. भारतात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी सुमारे 58,000 माणसे सर्पदंशाने गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले ते 2017 मध्ये. इतकी माणसे मरत असताना मच्छरदाणी खोचण्याइतका साधा उपाय वस्त्यांवर पोहोचत नाही, याला मी देवाची इच्छा म्हणायला तयार नाही. आबांनी सगळे लक्ष देऊन ऐकले, दोन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या आणि मंदिरात हरिपाठाला माणसे जमतात तेव्हा हे सांगतो म्हणाले. त्यांनी ते सांगितले, हे मला पुढे त्या वस्तीच्या आशाताईंकडून कळले.

घरी जाण्याच्या दिवशी मी तिच्या हाताची सुई काढत असताना आसपास कोणी नव्हते. ती म्हणाली, "मावशी बोलत होती ते मला ऐकू आलं होतं." मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "सिस्टर, आबांना खरंच माहीत नाही का, असं का झालं?"

मी म्हटले, "खरंच माहीत नाही."

सुईच्या जागी धरलेला कापूस तिने स्वतःच्या बोटाने दाबून धरला आणि म्हणाली, "आबांना माहीत नाही, मग मावशीला कसं माहीत असेल?"