वजाबाकीनंतरची एनजीसी 4993

17 ऑगस्ट 2017. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 6 वाजून 11 मिनिटांनी गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोचल्या आणि पाठोपाठ 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांचा अल्पकालीन स्फोट दिसला. वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी 4993 या दीर्घिकेत, 13 कोटी प्रकाशवर्षांवर, दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांवर आदळले होते. स्फोटावर अख्खं जग तुटून पडलं. माझ्या वाट्याला, बऱ्याच उशिरा, ती दीर्घिका आली.

काम तसं रुक्ष. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूज उपकरणाचा खुला डेटा उतरवायचा. एका चौकटीत सुमारे 90 हजार वर्णपट, म्हणजे दर बिंदूचा प्रकाश रंगांत फोडलेला. त्यांवर निरनिराळ्या वयांच्या ताऱ्यांच्या मिश्रणाचं मॉडेल बसवायचं. तारे म्हातारे असले की प्रकाश लालसर होतो, त्यांच्यात धातू जास्त असले तरी होतो, मधे धूळ असली तरी होतोच. म्हणून रंगावर विसंबायचं नाही. हायड्रोजन आणि मॅग्नेशियमच्या शोषणरेषा, म्हणजे त्यांनी प्रकाश गिळल्यानं वर्णपटात पडलेल्या काळ्या रेषा, जोडीनं बघायच्या. दीर्घिकेचं एकच ठाम वय कुणी सांगितलं की मी आधी एरर बार, म्हणजे चुकीची शक्य मर्यादा, शोधते.

उत्तर अपेक्षित आलं. बहुतेक तारे 1000 कोटी वर्षांच्या आसपासचे, नवे जवळजवळ नाहीतच. मग मूळ वर्णपटातून मॉडेल वजा केलं आणि एच-आल्फा या हायड्रोजन वायूच्या चमकत्या रेषेच्या जागी काय उरतं त्याचा नकाशा काढला. दीर्घिका दूर जात असल्यामुळे ही रेषा 6563 वरून सरकून 6627 अँगस्ट्रॉम तरंगलांबीला सापडते.

स्क्रीनवर सर्पिल उमटलं! साध्या फोटोत अंड्यासारख्या गुळगुळीत दिसणाऱ्या त्या दीर्घिकेच्या पोटात आयनित (इलेक्ट्रॉन सुटलेल्या) वायूचे वळसे. हे चित्र मी छापील पेपरात पाहिलेलं होतं. तरी आपल्या कोडमधून ते बाहेर येतं तेव्हा खुर्चीत बसवत नाही.

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी चष्मा वर केला. "लगेच नवे तारे म्हणू नकोस हं. आधी नायट्रोजन बघ."

बघितलं. हायड्रोजनच्या मानानं नायट्रोजनची रेषा फारच ठळक. म्हणजे वायू उजळतोय तो कोवळ्या ताऱ्यांमुळे नव्हे. केंद्रातलं मंद कृष्णविवर किंवा जुने तप्त तारे ते काम करत असावेत. बाहेरची ताऱ्यांची कवचं आणि आतले धुळीचे पट्टेही सांगतात, की हिनं अलीकडे, म्हणजे गेल्या 100 कोटी वर्षांत, दुसरी दीर्घिका गिळलीय.

"मग ती न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी त्या पाहुणीबरोबर आली असेल?" मी विचारलं.

"वर्णपट दीर्घिकेचा आहे गं, जोडीचा नाही."

खरंय. स्फोट केंद्रापासून साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर झाला; तिथले शेजारी जुने आहेत, एवढंच मॉडेल सांगतं. आणि ही दीर्घिका प्रातिनिधिकही नाही. 2022 मध्ये अशा अल्पकालीन गॅमा स्फोटांच्या 69 यजमान दीर्घिकांचं मॉडेलिंग प्रसिद्ध झालं, त्यांतल्या सुमारे 84 टक्के अजून तारे घडवताहेत. सगळ्यांत जवळचीच नेमकी वेगळी निघाली. तक्त्यात आम्ही तिला 'शांत', म्हणजे नवे तारे न घडवणारी, असं लिहिलं आणि वायूसाठी वेगळा रकाना काढला.