साडेसात की साडेआठ?
जर्मन शिकवताना मी अनेक वर्षे विभक्तींचे तक्ते भरून घेऊनच गुण देत असे; पण तक्त्यात पैकीच्या पैकी मिळवणारी विद्यार्थिनी डॉक्टरांची वेळ बदलून मागताना अडखळली, तेव्हा माझी परीक्षा भलतेच काही मोजते आहे, हे मला पटले. युरोप परिषदेच्या २००१च्या भाषा-आराखड्यातही स्तरांची वर्णने ‘काय करता येते’ अशीच आहेत. आता परीक्षेत फोनवर मी दवाखान्याची स्वागतिका बनते आणि मंगळवार नाकारल्यावर विद्यार्थी दुसरा दिवस सुचवतो का, वेळेची खात्री करून घेतो का, हे पाहते. आर्टिकल चुकले तरी काम झाल्याचे गुण मी देतेच. मात्र ‘हाल्ब आख्ट’ (शब्दशः ‘अर्धे आठ’) म्हणजे साडेसात, हे न कळून कोणी साडेआठ लिहून घेतले, तर ती चूक मी गंभीर मानते, कारण अपॉइंटमेंट तिथेच हुकते.