पाठमोरा उत्सव

दर उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या उत्सवाचे फोटो मी पुण्याला आईला पाठवते आणि दर उन्हाळ्यात तिचा एकच प्रश्न येतो : "अगं, सगळ्यांच्या पाठीच काय दाखवतेस? माणसं बघू दे की!" तिचे म्हणणे खोटे नाही. गेल्या वर्षी काढलेल्या चारएकशे फोटोंपैकी निम्म्याहून अधिक फोटोंत पाठी आहेत, उरलेल्यांपैकी बऱ्याचशांत हात आहेत आणि चेहरे अगदी मोजके. मात्र हा माझ्या कॅमेऱ्याचा किंवा माझ्या नजरेचा दोष नव्हे, हे आईला फोनवर पटवून देणे मला अजून जमलेले नाही.

तोक्योच्या पूर्वेकडे, एदोगावा प्रभागातल्या निशि-कासाईत आम्ही राहतो. इथले रेल्वे स्थानक 1979 सालचे. दोन हजार सालाच्या आसपास भारतातून आलेल्या संगणक अभियंत्यांना ओतेमाचीच्या कार्यालयांकडे थेट जाणारी तोझाइ लाइन सोयीची वाटली आणि हळूहळू इथे आपली माणसे दिसू लागली. त्यांच्यापैकीच आम्ही एक. इथल्या प्रत्येक वस्तीला तिचे चोनाइकाइ असते. गणेशोत्सव मंडळ आणि सोसायटीची कमिटी एकत्र केली तर जे तयार होईल, तसेच काहीसे ते असते. मंडळाच्या सूचना एका फळीला चिमटा लावून घरोघर फिरतात. आपण वाचायच्या, आपल्या घराच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि फळी शेजाऱ्याकडे द्यायची. या फळीला काइरानबान म्हणतात. पाच वर्षांपूर्वी अशाच एका फळीवर उत्सवाच्या कामांची वाटणी आली. लोखंडी तव्यावर याकिसोबा, म्हणजे नूडल्स, परतायला कोण, बर्फ किसायला कोण, रहदारी थोपवायला कोण, अशी ती यादी होती आणि शेवटच्या ओळीत, नोंदीसाठी फोटो काढण्याच्या कामापुढे, माझे नाव होते. कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणारी बाई कुणीतरी हेरून ठेवली असावी. उत्सवाच्या सकाळी माझ्या बाहीवर एक पिवळी पट्टी बांधली गेली आणि त्या दिवसापासून वस्तीतले वडीलधारे लोक मला नावाऐवजी "कामेरा-सान" म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. मुलांची मिकोशी, म्हणजे देवाची छोटी पालखी, आमच्या इमारतीसमोरून जाणार होती. मी विचार केला की दुसऱ्या मजल्याच्या उघड्या व्हरांड्यातून सगळा ताफा एका चौकटीत मावेल : मधोमध पालखीचे सोनेरी छप्पर, चहूबाजूंनी निळे अंगरखे आणि खाली काळा रस्ता. कॅमेरा रोखला, तोच खालून मंडळाच्या अध्यक्षांनी वर पाहिले. ते रागावले नाहीत. तळवा खाली करून बोटे हलवत, अगदी आपण बोलावतो तसे, त्यांनी मला खाली बोलावले आणि मी पोहोचल्यावर एवढेच म्हणाले, "वरून नको. ते देवाला आवडत नाही." मिकोशीत देव बसलेला असतो, म्हणून त्याच्याकडे उंचावरून पाहणे असभ्य मानले जाते, हे मला शेजारच्या आजींनी नंतर सावकाश समजावून सांगितले. मी ज्या शहरातून आले तिथे पालखी जाताना लोक गॅलऱ्यांत दाटीवाटीने उभे राहतात, वरून फुले उधळतात आणि ज्याच्या घराला रस्त्यावरची गॅलरी असेल त्याच्याकडे त्या दिवशी पाहुण्यांची रीघ लागते. माझ्या लेखी उंची हा मान होता, इथे तो उद्धटपणा ठरला. तेव्हापासून मी रस्त्यावर, पालखीच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली, गुडघे टेकून फोटो काढते. फोटो सुधारले ते याच कारणाने, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग चेहरे का नाहीत? एक तर कायद्याचा इतिहास आहे. क्योतोतल्या विद्यार्थ्यांच्या एका मोर्चात पोलिसांनी घेतलेल्या फोटोवरून चाललेल्या खटल्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली म्हटले की संमतीशिवाय आपला चेहरा टिपला जाऊ नये, हे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. त्या खटल्यात बाजू पोलिसांचीच टिकली, पण तत्त्व राहिले आणि ते समाजात न्यायालयापेक्षा खोल झिरपले. मोबाइलला कॅमेरे आले तेव्हा इथल्या कंपन्यांनी फोटो काढताना होणारा आवाज बंदच करता येणार नाही अशी सोय आपणहून केली. कायद्यात तसे कलम नाही, पण बहुतेक सगळे पाळतात. त्यामुळे इथे चोरून फोटो काढणे म्हणजे शांत सभेत मोठ्याने शिंकण्यासारखे आहे. मंडळाचा नियम तर याहून साधा आहे : फळीवर किंवा सूचनाफलकावर जाणाऱ्या फोटोत दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे ओळखू येऊ नयेत. सुरुवातीला मला हा नियम जाचक वाटला, कारण उत्सवाचा फोटो म्हणजे हसरे चेहरे, एवढेच मला ठाऊक होते.

नियम पाळता पाळता एक गोष्ट ध्यानात आली. इथल्या उत्सवाचा पोशाख मागून पाहण्यासाठीच शिवलेला असतो. हाप्पी नावाचा जो तोकडा, सैल अंगरखा सगळे चढवतात, त्याच्या गळपट्टीवर वस्तीचे नाव उभे लिहिलेले असते खरे, पण पाठीवर वितीएवढे एकच अक्षर असते. ते 'मात्सुरि', म्हणजे उत्सव, हे अक्षर असते किंवा त्या वस्तीचे चिन्ह. समोरून माणसे ओळखू येतात आणि मागून वस्ती. बँकेतला अधिकारी, टोफू विकणारा, निवृत्त शिक्षक हे समोरून तीन माणसे असतात आणि मागून एकच अक्षर तीनदा लिहिलेले दिसते. पालखी उचलताना "वाश्शोइ, वाश्शोइ" असा ठेका धरत ते सगळे खालीवर होऊ लागले की ती अक्षरेही खालीवर होतात. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतके उघडे ठेवले, तर माणसे पुसट होतात आणि शाईचा फराटा मात्र उमटतो. तांत्रिकदृष्ट्या तो फोटो फसलेला असतो. माझा सर्वांत आवडता फोटो तोच आहे.

चेहऱ्यांवरून नजर हटली की ती हातांवर जाते. आमचा प्रभाग सोनमाशांच्या पैदाशीसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे आणि जुलैत इथल्या ग्योसेन उद्यानात सोनमाशांचा मेळाच भरतो. उथळ निळ्या हौदात शेकडो लाल मासे सोडलेले असतात आणि मुलांच्या हाती 'पोइ' दिला जातो. प्लास्टिकच्या कड्याला पातळ कागद चिकटवलेले, भिंगासारखे दिसणारे हे साधन. त्याने मासा उचलून वाडग्यात टाकायचा, पण कागद भिजला की फाटायला वेळ लागत नाही. नवखे मूल पोइ सरळ वरून बुडवते आणि पहिल्याच झटक्यात कागदाला भोक पडते. मुरलेले मूल तो तिरका सरकवते, माशाच्या मागे धावत नाही, मासा पृष्ठभागाशी येईपर्यंत थांबते आणि कडेच्या आधाराने अलगद उचलते. गेल्या वर्षी मी एका सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनगटावर कॅमेरा रोखून दहा मिनिटे बसले होते. मनगट थरथरत होते, कोपरापासून पाण्याचे थेंब ओघळत होते, कागद मध्ये लोंबकळू लागला होता आणि त्यावर एक मासा क्षणभर आडवा पडून चकाकला. पुढच्या क्षणी कागद फाटला. त्या मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मी पाहिले, पण टिपले नाही. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे एक मासा पिशवीत घालून त्याला दिलाच.

छायाचित्रकाराला सर्वांत सोयीचा कार्यक्रम कोणता, असे कुणी विचारले तर मी बोन-ओदोरि हे उत्तर देईन. ओबोनच्या दिवसांत पूर्वज घरी येतात अशी इथली समजूत आहे आणि त्या निमित्ताने मैदानात लाकडी मचाण उभारून त्याभोवती सगळी वस्ती फेर धरून नाचते. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात तसाच तो फेर, फक्त हत्तीच्या जागी मचाण आणि मचाणावर ढोल. फेराची गंमत अशी की आपण हलायचे नाही, वस्तीच आपल्यासमोरून जाते. एखादीचा फोटो हुकला तर चुटपुट नको, ती पुढच्या फेरीत पुन्हा येणारच. शिवाय नाचाचे हातवारे ठरलेले असतात. 'तान्को-बुशि' हे मुळात क्यूशूतल्या कोळसा खाणींमधले गाणे. त्यात आधी फावड्याने खणायचे, मग कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, मग कपाळाशी हात नेऊन चंद्र पाहायचा, मग कोळशाची गाडी ढकलायची. हा क्रम एकदा पाठ झाला की चंद्र पाहणारा हात केव्हा वर जाणार हे आधीच कळते आणि मी तिथेच थांबते, कारण हाताच्या आडोशाने चेहराही झाकला जातो आणि नियमही पाळला जातो. अलीकडे कागदी कंदिलांत मेणबत्तीऐवजी एलईडी दिवे आले आहेत आणि त्यामुळे काही फोटोंत काळे आडवे पट्टे उमटतात. ही कुरकुर एकदा बोलून दाखवली तेव्हा एक आजोबा म्हणाले की मेणबत्त्यांच्या काळात दर वर्षी एखादा तरी कंदील पेटायचा.

शाळेच्या उन्दोकाइला, म्हणजे क्रीडादिनाला, मात्र मीही सामान्य आईच असते. सगळी मुले सारख्या गणवेशात आणि सारख्या लाल-पांढऱ्या टोप्यांत असतात. दुरून आपले मूल ओळखायला मोज्यांच्या रंगाखेरीज काही खूण नाही, म्हणून लेकीला त्या दिवशी मी मुद्दाम पिवळ्या काठाचे मोजे घालते. फोटोसाठी दोरी लावून आखलेली जागा असते. आपल्या मुलाच्या वर्गाची शर्यत असेल तेव्हा आत जायचे आणि ती संपली की दोरीबाहेर येऊन पुढच्या पालकांना जागा द्यायची. कुणी शिट्टी वाजवत नाही, तरी लोक बाहेर येतात. पहिल्या वर्षी मी दोन शर्यती आत रेंगाळले होते, हे कबूल केलेले बरे.

वर्षातले बाकीचे सण चटकन येतात आणि जातात : फेब्रुवारीत भाजलेले सोयाबीन फेकून राक्षसाला घालवणे, मे महिन्यात काठीवर फडफडणारे कापडी मासे, नोव्हेंबरात तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना किमोनो घालून देवळात नेणे. त्या नोव्हेंबरच्या दिवशी एका जोडप्याने मला देवळाच्या पायरीवर लेकीसह फोटो काढायला सांगितले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या त्यांच्या आजी घाईघाईने पुढे आल्या आणि चौकटीत उभ्या राहिल्या. तिघांचा फोटो काढला तर मधल्याचे आयुष्य कमी होते, अशी जुनी समजूत आहे म्हणे. मी त्यांना "तीन तिगाडा, काम बिघाडा" हे जपानीत समजावून सांगितले, तेव्हा त्या इतक्या हसल्या की मोजायचे विसरून मी तेवढ्यात बटण दाबले. एरवी इथे फोटो काढताना "एक अधिक एक किती?" असे विचारतात आणि सगळे "नी!" म्हणजे "दोन!" म्हणतात, त्याबरोबर ओठ आपोआप फाकतात. त्या चौघांना मला ते विचारावे लागले नाही.

यंदाच्या उत्सवाचे पान गेल्या आठवड्यात फळीवर आले. शाईच्या फराट्याचा माझा लाडका फोटो त्यात नव्हता. अध्यक्षांनी निवडला होता तो याकिसोबाच्या तंबूतला, जो मी केवळ जाता जाता काढला होता आणि जो थोडा तिरकाही होता. वाफेच्या मागे सहा बायकांच्या पाठी, मधोमध तवा आणि तव्यावर कोबी परतणारे चार हात. खाली कुणाचेही नाव नव्हते, तरी प्रत्येक पाठ कुणाची हे मला एव्हाना सांगता येत होते, डावीकडून तिसरी तर शेजारच्या आजींचीच. मी आमच्या चौकोनात शिक्का मारला, पान आईसाठी मोबाइलवर टिपून घेतले, मोबाइलने आपला ठरलेला खटका मोठ्याने वाजवला आणि मी फळी आजींच्या दाराच्या मुठीला अडकवून आले.