लपवलेलं कर्ज सापडलं, की आधी सह्या शोधा

नवऱ्याने लपवलेलं कर्ज बायकोला सहसा त्याच्या तोंडून कळत नाही. पतसंस्थेचा वसुलीवाला दारात येतो, नाहीतर टपालाने नोटीस येते आणि तिच्यात आपलंच नाव 'जामीनदार क्र. 2' म्हणून छापलेलं असतं. त्या रात्री घरात जे व्हायचं ते होतंच. पण त्यानंतरचे काही दिवस एकाही कागदावर सही करायची नाही, एवढं पक्कं ठरवा.

कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "कर्ज नवंजुनं करून घेऊ, फक्त तुझी सही लागेल." नवंजुनं म्हणजे जुनी थकबाकी नव्या कर्जातून फेडायची. नवऱ्याला मुदत मिळते, संस्थेची थकबाकी कागदावर कमी दिसते आणि तुम्ही आधीपेक्षा मोठ्या रकमेला ताज्या सहीने जामीन होता. जुन्या कागदावरची तुमची सही खोटी असेल, तर ती तक्रारही या खऱ्या सहीमुळे लंगडी पडते.

"नवऱ्याचं कर्ज म्हणजे बायकोचंही" हे वसुलीवाल्यांचं आवडतं वाक्य. कायद्यात ते नाही. केवळ लग्न झालंय म्हणून देणं लागत नाही, सही केली असेल तर लागतं. म्हणून सगळ्या कर्जांचे तीन ढीग करायचे: जिथे फक्त त्याची सही आहे, जिथे तुमची खरी सही आहे आणि जिथे तुमच्या नावाची खोटी सही आहे.

शोधायला सुरुवात स्वतःच्या क्रेडिट रिपोर्टपासून (आपल्या नावावरच्या कर्जांच्या अहवालापासून) करा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमचं नाव कुठे आहे, ते त्यात दिसतं. मात्र गावोगावच्या पतसंस्थांची कर्जं त्यात बहुधा नसतात आणि फसगत नेमकी तिथे होते. रिपोर्ट कोरा आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पतसंस्थेत जामीन राहायला आधी सभासद व्हावं लागतं. घरात कुठल्या संस्थेचा वार्षिक अहवाल येतो, कुणाचा पाच-पन्नास रुपयांचा लाभांश खात्यावर जमा झालाय, ते पासबुकात बघा. ज्या संस्थेचं नाव ओळखीचं नाही, तिथे जाऊन सभासद म्हणून आपल्या नावाचा खातेउतारा लेखी मागा.

शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना वाचा, बोजा तिथेच चढवलेला असतो. फ्लॅट असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) शोधा. मूळ कागदपत्रं बँकेत ठेवून कर्ज उचललं असेल, तर त्याचीही सूचना महाराष्ट्रात नोंदवावी लागते. हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीलाही विचारा, कर्जासाठी ना हरकत दाखला कधी दिला होता ते. सेक्रेटरींना बरंच माहीत असतं, कुणी विचारत नाही इतकंच.

खऱ्या सहीच्या ढिगातून सुटका अवघड आहे. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या' असं म्हणता येत नाही. संस्था दुसरा जामीनदार स्वीकारेल किंवा तारण वाढवून घेईल, तरच तुमचं नाव निघतं.

खोट्या सहीच्या ढिगात वेळ फार महत्त्वाचा. संस्थेला लेखी अर्ज देऊन कर्जअर्ज, जामीनपत्र आणि केवायसी कागदांच्या प्रती मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी, तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलण्याला तिथे काडीची किंमत नाही. मग त्याच काळातल्या आपल्या खऱ्या सह्या जमवा: बँकेतला नमुना, पॅन, नोकरीतलं हजेरीपत्रक. दहा वर्षांपूर्वीची सही उपयोगाची नाही, सही बदलत जाते. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक), 336 (बनावट दस्तऐवज) आणि 340 (तो खरा म्हणून वापरणं) यांखाली होते. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र सहकार कायद्याच्या कलम 101 च्या सुनावणीत होतं. पतसंस्था वसुली दाखल्यासाठी (ज्याच्या जोरावर जप्ती करता येते) सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाते, तिथून नोटीस निघते, घरी ती नवराच घेतो आणि लपवतो. जामीनदार गैरहजर राहिली की दाखला निघतो. त्यावर पुनरीक्षण अर्ज (दाखला वरिष्ठांनी फेरतपासावा म्हणून) करायचा तर आधी येणे रकमेच्या 50 टक्के भरावे लागतात. म्हणून तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात जाऊन आपल्या नावावर प्रकरण आहे का, ते स्वतः विचारा. सुनावणी चालू असेल तर 'सही माझी नाही' हे पहिल्याच तारखेला लेखी द्या.

दागिने हा वेगळा विषय. कपाटातल्या डब्या रिकाम्या आणि सोनं तारण, हे इतक्या घरांत घडतं की त्याला कुणी फसवणूक म्हणतच नाही. स्त्रीधन तुमचं एकटीचं आहे. 2024 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 89 पवन (एक पवन म्हणजे सुमारे 8 ग्रॅम) सोन्यापोटी नवऱ्याला 25 लाख रुपये द्यायला लावले. अडचणीत वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी, असं तिथे म्हटलं आहे. पुराव्याला सराफाच्या पावत्या, लग्नातले फोटो आणि बैठकीत केलेली लग्नाची यादी चालते. सोनेतारणाची पावती सापडली तर फोटो काढून ठेवा आणि लिलावाची तारीख आधी बघा.

घर विकलं जाईल अशी भीती असेल, तर घटस्फोटापर्यंत थांबायची गरज नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. त्या कायद्याखाली घर विकायला मनाई, राहण्याचा हक्क आणि पैसे, तिन्ही एकाच अर्जात मागता येतात. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. निकालाला प्रत्यक्षात बराच जास्त वेळ लागतो, म्हणून अंतरिम आदेशाचा अर्ज सोबतच द्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

नांदायचंच ठरवलं, तर माफीपेक्षा यादी महत्त्वाची. आणि पहिली यादी कधीच पूर्ण नसते. महिन्या-दोन महिन्यांत हातउसने, मित्राच्या नावावर उचललेलं कर्ज, एखादं मोबाइल अॅप असं काहीतरी बाहेर येतंच. माहेरची जमीन किंवा उरलेलं सोनं विकून सगळं एकदम फेडून टाकू नका. कर्जखाती मोकळी झाली की तोच माणूस पुन्हा कर्ज उचलायला मोकळा होतो. शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगचा किंवा जुगाराचा नाद असेल तर हमखास. पगार ज्या खात्यात येतो, तिथूनच हप्ते कापले जाऊ द्यात. चार कंपन्यांचे चार फुकट रिपोर्ट एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एकेक काढा, त्याचे आणि तुमचेही. वर्षभर विनाखर्च पहारा राहतो.

वेगळं व्हायचं ठरलं, तर परस्परसंमतीच्या अटींत 'सर्व कर्ज पती फेडील' असं एक वाक्य घालून वकील मोकळे होतात. ते वाक्य नवऱ्याला बांधतं, बँकेला किंवा पतसंस्थेला नाही; त्याने हप्ता चुकवला की नोटीस पुन्हा तुम्हालाच. त्यामुळे शेवटच्या तारखेला कोर्टात उभं राहण्याआधी प्रत्येक संस्थेकडून बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) किंवा जामीनमुक्तीचं पत्र हातात घ्या, आणि ते मिळालं नसेल तर तारीख मागून घ्या.