तुम्ही विचारलंत म्हणून: चांगलं प्लायवूड ओळखायचं कसं?

"वरून दोन्ही शीट सारख्याच दिसतात, मग चांगली कुठली ते कसं कळणार?" लाकूडकाम नुकतं सुरू केलेले हे विचारतात, तसे बरीच वर्षं हात बसलेलेही विचारतात. सारख्या दिसतात हे खरंच आहे, कारण सगळ्यात वरचा पापुद्रा बहुतेक वेळा ०.३ ते ०.६ मिलिमीटर इतकाच असतो. १८ मिमीच्या शीटमधलं बाकी सगळं लाकूड त्याच्याखाली झाकलेलं असतं. दर्जासाठी लिहिलेली ए, बी, सी अशी अक्षरंही साधारणपणे वरच्या-खालच्या दर्शनी पापुद्र्यांविषयी बोलतात. आतल्या गाभ्याबद्दल त्यांतून फारसं काही कळत नाही. म्हणून शीट समोर आली की आधी तिची कड वाचायची, चारही बाजूंनी.

कडेवर थर मोजा. ते विषम संख्येत असतात आणि एकाची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, उभी तर पुढच्याची आडवी असते. १८ मिमीत पाचच थर असतील तर प्रत्येक थर जाड असतो, आणि एकात खोट निघाली की ती मोठीच निघते. बर्च नावाच्या झाडाच्या लाकडाच्या चांगल्या प्लायमध्ये याच जाडीत १३ थर असतात. नऊ किंवा अकरा थरांत फर्निचरचं बहुतेक काम उत्तम होतं. पण नुसती संख्या मोजून थांबू नका. मधल्या थरापासून वर आणि खाली जाताना जोडीजोडीचे थर सारख्याच जाडीचे हवेत. एका बाजूचा थर जाड, दुसऱ्या बाजूचा पातळ, असं असलं की हवेतला ओलावा बदलला तर दोन्ही बाजू सारख्या ओढत नाहीत आणि शीटला बाक येतो. तो वजन ठेवून काही दिवस दाबल्यासारखा वाटतो, पण वजन काढलं की परत येतो.

मग पोकळ्या बघा. आतल्या थराचे दोन तुकडे एकमेकांना भिडले नाहीत की कडेवर काळं भोक दिसतं. एखादं बारीक भोक चालून जाईल. मात्र हातभर लांबीत तीन-चार दिसली तर आतही तीच गत आहे असं धरून चाला. अशा जागी स्क्रू नुसता फिरत राहतो, राउटरने (लाकडात खाच पाडायच्या यंत्राने) पाडलेल्या खाचेची भिंत ढासळते आणि वरून जोर आला की लॅमिनेट खचतं.

मला मात्र पोकळीपेक्षा चढलेल्या थराची जास्त धास्ती वाटते, म्हणजे तुकडे भिडण्याऐवजी एकावर एक चढतात तेव्हाची. कडेवर तिथे रेषा वर उचललेली दिसते. प्रेसमध्ये सगळा दाब त्या उंचवट्यावर येतो, त्यामुळे आजूबाजूला गोंद नीट दाबला जात नाही आणि पुढे तिथेच पापुद्रे सुटतात. कारखान्यात घासताना त्याच उंचवट्यावर वरचा पापुद्रा जवळजवळ संपतो. कोऱ्या शीटवर हे दिसत नाही, पॉलिश लावलं की गडद डाग होऊन उमटतं. ओल्या फडक्याने पृष्ठभागावरून एक हात फिरवला तर असे डाग पॉलिशच्या आधीच दिसतात. टॉर्च शीटला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडला तर लाटाही दिसतात.

कडा रंगवलेल्या किंवा पुट्टी भरून घासलेल्या असतील तर चाकूच्या टोकाने खरवडा. लाकूड तंतू होऊन सुटतं, पुट्टी भुकटी होऊन पडते. तरीही कड हा शेवटी शीटचा सगळ्यात सांभाळलेला भाग असतो. बऱ्याच शीट घ्यायच्या असतील तर एक आधी घ्या आणि मधोमध कापा. ताज्या कापावर जे दिसतं त्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. कापताना फट मिटून पात्याला पकडत असेल तर शीटमध्ये ताण आहे. तिच्यातून कपाटाची लांब दारं काढू नका.

कापणं शक्य नसेल तर ठोकून बघा. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने, साधारण १० सेंटीमीटरवर एक, अशा ओळींत. भरीव जागी आवाज टणक आणि एकसारखा येतो. पोकळी असेल किंवा पापुद्रा सुटलेला असेल तिथे तो बदबदीत होतो. शीट दोन फळ्यांवर आडवी ठेवून ठोका. जमिनीला टेकलेली असेल तर आवाज फसवतो.

जाडी व्हर्नियरने (जाडी बारकाईने मोजायच्या साधनाने) चार कोपरे आणि चारही कडांच्या मध्यावर, अशा आठ जागी मोजा. १८ मिमी लिहिलेली शीट १७.३ किंवा १७.६ भरली म्हणून ती वाईट ठरत नाही. घासाईत तेवढं जातं. एकाच शीटमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर मात्र सोडून द्या, कारण खाचेतले सांधे एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला ढिले बसतील. खाच नेहमी मोजलेल्या जाडीची पाडायची, छापलेल्या नव्हे. २४४० × १२२० मिमीच्या शीटचा कर्ण २७२८ मिमी यायला हवा. दोन कर्णांत तीन मिमीहून जास्त तफावत असेल तर कारखान्याची कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असं समजून मापं टाकू नका.

बाक आणि पीळ हे दोन वेगळे दोष आहेत. बाक डोळ्याच्या रेषेत कड धरली की दिसतो. पिळासाठी समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणा. मधोमध त्या एकमेकींना जेमतेम टेकायला हव्यात. एक दुसरीला दाबत असेल किंवा दोघींत फट राहत असेल, तर वरची आणि खालची अदलाबदल करून पुन्हा बघा. एकदा दाब आणि एकदा फट आली की पीळ आहेच. कपाटाच्या पाठीला थोडा बाक चालतो, कारण चौकट त्याला सरळ धरते. मोकळ्या दाराला पीळ अजिबात चालत नाही.

"जड असेल ती चांगली" हे अर्धसत्य आहे. १८ मिमीची पॉप्लर या झाडाच्या लाकडाची २४४० × १२२० शीट साधारण २४ किलो भरते, त्याच मापाची बर्चची ३६ च्या आसपास. जड लाकडात स्क्रू जास्त घट्ट धरतो हे खरं, पण ओली शीटही जडच लागते. शिवाय टांगत्या कपाटासाठी हलकी, भरीव गाभ्याची पॉप्लरच बरी. वजनाची तुलना करायची तर एकाच जातीच्या दोन शीटमध्ये करा.

बारीक, गोल भोकं आणि त्यांच्याभोवती फिकट ताजी भुकटी दिसली तर आत किडा जिवंत आहे. ती शीट दुसऱ्या लाकडाजवळही ठेवू नका.

फळीला लागणारी ताकद कुठून येते तेही लक्षात घ्या. सारख्या जाडीच्या तीन थरांच्या प्लायमध्ये, वरच्या रेषेच्या दिशेने वाकताना होणाऱ्या विरोधाचे २७ पैकी २६ किंवा त्याहूनही जास्त भाग बाहेरचे दोन थर पेलतात. म्हणून वरची रेषा फळीच्या लांबीला धरूनच कापायची. वरचे थर कागदासारखे असतील तर त्यांच्या लगतच्या थरांची दिशा जास्त महत्त्वाची ठरते, आणि तीही कडेवरच वाचता येते.

राहिला गोंद. युरियाच्या गोंदाची रेषा फिकट असते, फिनॉलच्या गोंदाची लालसर काळपट. ओल्या जागेसाठी फिनॉलचा हवा. पण गोंदात रंग मिसळता येतो, म्हणून रेषेच्या रंगावर विसंबू नका. सुमारे ७ सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा कापा, पाण्यात पूर्ण बुडेल असा वजनाखाली ठेवा आणि चार तास उकळा. पाणी आटलं की उकळतंच घाला. खिडक्या उघड्या ठेवा आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. थंड झाल्यावर पटाशीचं टोक दोन थरांच्या मधे घालून उचका. थर गुळगुळीत सुटले आणि दोन्ही अंगांना नुसती गोंदाची चकाकी दिसली, तर त्या शीटला पाण्याजवळ नेऊ नका. तुटताना दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू चिकटून निघाले, म्हणजे लाकूड फाटलं पण गोंद सुटला नाही, तर ती सिंकखालच्या कपाटाला लावायला हरकत नाही. कापलेल्या कडा मात्र आधी बंद करून घ्या, कारण पाणी शिरतं ते तिथूनच.