तळं देवळाचं, रूळ रेल्वेचे

"हे तळंसुद्धा देवळाचंच," आजी म्हणाल्या आणि बोट रुळांकडे केलं. "मधून गाडी जाते, एवढंच."

जपानमधलं किता-कामाकुरा. इवलंसं स्टेशन, अरुंद लांबलचक प्लॅटफॉर्म. बाहेर पडलं की दोन मिनिटांत एंगाकु-जी या बौद्ध देवळाच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या आणि तळ्याच्या मधोमध योकोसुका लाइनचे रूळ. फाटक वाजलं की यात्रेकरू, शाळेची पोरं, सगळे गप उभे.

आजी तक्रार करत नव्हत्या. पाऊस पडतो म्हणावं तसं म्हणाल्या. तेच डोक्यात राहिलंय.

हे देऊळ जपानचा तेव्हाचा सत्ताधारी होजो तोकिमुने यानं १२८२मध्ये उभारलं. मंगोलांच्या स्वाऱ्यांत मेलेल्यांसाठी, आणि ते दोन्ही बाजूंचे बरं का! शत्रूच्या सैनिकांसाठीही प्रार्थना. मग १८८९मध्ये योकोसुकाच्या नौदल तळापर्यंत रेल्वे हवी झाली आणि रूळ थेट देवळाच्या आवारातून गेले. युद्धात मेलेल्यांचं देऊळ आणि युद्धाच्या तयारीची रेल्वे. गंमत म्हणजे तेव्हा इथे स्टेशनच नव्हतं. १९२७मध्ये तात्पुरता थांबा झाला, १९३०मध्ये रीतसर स्टेशन. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं गाड्या देवळाच्या दारातून न थांबता धडधडत गेल्या.

आता त्याच गाडीनं आम्ही देवळात येतो, आणि सोयीचं आहे म्हणून खूशही होतो. मीही झालो. आजींसारखं इतकं सहज बोलता यायला किती पिढ्या जाव्या लागत असतील?