आज नंबर लागला नाही

गुरुवार, रात्री साडेदहा

एवढ्याशा गोष्टीचं मनाला एवढं काहून लागावं, कळंना. म्हणून वही काढली.

आज मी बोलणार होतो. दारू सोडणाऱ्यांच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, दहा मीटिंगा 'मी फक्त ऐकायला आलोय' एवढंच म्हणून शेजारच्याकडं बघितलं. आज अकरावी. रविवारपासून मनात जुळवायलो होतो, मोंढ्यात पावत्या फाडताना, आंघोळीला बसल्यावर. ऐनवेळी सुचलं नाही तर, म्हणून चिठ्ठी केली आणि वरच्या खिशात ठेवली. सकाळी हिला सांगूनही बसलो, आज बोलतो म्हणून. तेच नडलं.

शाळेतला दुसरीचा वर्ग आहे तो. फळ्यावर बाराखडी आणि बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागतात. माझ्याआधी तिघंच होते. पहिल्यानं आटोपशीर सांगितलं. दुसऱ्याची नेहमीची मोटारसायकल नेहमीच्याच नाल्यात गेली. मग तो नवा पोरगा. पंचवीस-सव्वीसचा असंल. 'मी...' म्हणाला आणि पुढचा शब्दच फुटंना. मग जे रडायला लागला ते लागलाच. तिथं मधी कुणी बोलत नाही, 'उगी उगी' सुद्धा करत नाहीत. कुणीतरी पाण्याची बाटली सरकवली. वीस मिनिटं गेली. सगळे खाली बघायले आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडं. लिहायला लाज वाटते, पण मला त्या पोराचा राग आला. आजच रडायचं होतं का बाबा तुला?

चेअरवर बसलेले काका म्हणाले, 'राहिलेल्यांनी पुढच्या वेळी बोलावं.' सगळे उठले, प्रार्थना झाली, खलास. शिपायाला कुलूप लावायचं असतं.

राहिलेला मी एकटाच होतो.

पूर्णेला येईपर्यंत गाडीत तेच घोळत होतं. आपलं सगळीकडं असंच. पंगतीत वाढपी माझ्यापाशी आला की बादली रिकामी. वाटणीच्या वेळी थोरल्यानं... जाऊ द्या, ते आज नको. 'आपल्याला कुणी विचारत नाही', हे पालुपद म्हणत म्हणतच मी बसस्टँडामागच्या गल्लीत शिरायचो. चुडाव्याच्या आसपास हे ध्यानात आलं आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. म्हणजे बाटली सुटली, रुसवा सुटला नाही. रुसायला पैसेही लागत नाहीत.

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा म्हणतात. पूर्णेहून रोज नांदेड कसं जमावं? गुरुवार, रविवार जमतं तेच खूप. तिथं फी नाही, वर्गणी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. डबा फिरतो, त्यात ज्याला जे टाकायचं ते टाकावं. मी दहाची नोट टाकतो. आज टाकताना मनात आलं, दहा रुपये देऊनही बोलायला मिळालं नाही. काय माणूस आहे मी!

त्यांच्या पुस्तिकेत ह्या सगळ्याची सुरुवात दिली आहे. साल 1935, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. शेअर बाजारातला एक माणूस कामाला आलेला, काम फसलेलं, पाच महिने दारू सुटलेली. हॉटेलात एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला फोन. बारमध्ये जायच्या ऐवजी त्यानं फोन लावत लावत दुसरा दारुडा शोधून काढला. तो निघाला डॉक्टर, चांगला सर्जन. पंधरा मिनिटंच थांबतो म्हणून आला आणि सहा तास बसला. त्यांना शिपाई नव्हता.

मीही फोनच केला होता. दवाखान्यात पाच दिवस सलाईनवर थरथरत काढले, तेव्हा डॉक्टरनं नंबर लिहून दिला. चारदा लावला आणि रिंग वाजली की कट केला. मग तिकडूनच आला. 'चारदा कट केलंत ना? मी सहादा केलं होतं. कुठून बोलायलात?'

हां, एक राहिलंच. मीटिंग सुटल्यावर मी पुस्तकं पिशवीत भरायलो होतो, तर तो पोरगा जवळ आला. डोळे सुजलेले. डबा त्याच्यापुढं आला तेव्हा मीच त्याला खुणेनं थांबवलं होतं, पहिल्या दिवशी टाकत नसतात. त्यावरून त्याला मी कुणी जुना जाणता वाटलो असंल.

'काका, तुम्हाला किती झाले?'

'त्रेचाळीस.'

'बाप रे! त्रेचाळीस वर्षं?'

'दिवस.'

हसला लेकाचा. मलाही हसू आलं. माझं आजचं बोलणं एवढंच झालं. रविवारी येतो म्हणाला. आला तर बघू, पण त्याला माझ्यानंतर बसवावं.

घरी आल्यावर ही काही बोलली नाही. दार उघडताना अजून नाकानं अंदाज घेते, घेऊ दे. ताट वाढलं. मीच म्हणालो, 'आज नंबर लागला नाही.'

'बरं.'

शर्ट खुंटीला अडकवताना चिठ्ठी काढली, तर घडी वेगळी. मी चौघडी घातली होती, आता नुसती दुमडलेली. सकाळी शर्टाला इस्त्री हिनंच केली होती. चिठ्ठीत जास्त काही नाही. वर 'पोरीचा साखरपुडा', खाली 'चार पाहुण्यांसमोर', आणि पुढचं मला पाठच आहे.

भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, 'अकरा होते.'

पेन हातात आहे तर दुरुस्ती करून ठेवतो.